दोन भाषांतलं मानपत्र

खर्डा पहिला. मराठी. विष्णूशेठ सांगतात, जोसेफिन लिहिते.

मा. श्री. विष्णू परुळेकर यांस सप्रेम सादर. कोकणच्या लाल मातीत रुजलेला हा वटवृक्ष आज आखाताच्या वाळूत (थांब, वाळूत वड कसा येईल? खजूर कर.) हा खजूरवृक्ष (कोकणात खजूर? जाऊ दे, झाडच नको.) इराकवरच्या निर्बंधांच्या खडतर काळात आपण लाँचवाल्या दर्यावर्दी बांधवांच्या पाठीशी सख्ख्या भावासारखे उभे राहिलात. मरजान बुडाली, तेव्हा मृतांचे देह मायदेशी पोहोचेपर्यंत आपण अन्नाला शिवला नाहीत. (हे ठेव. हे छान झालंय.)

*

मानपत्र ज्याचं, त्यानेच ते सांगायचं, ही रीत शारजातल्या मराठी मंडळींना कुणी शिकवली नव्हती. ती विमानात त्यांच्यासोबतच आली होती. आधी मंडळाने विचारायचं, "शेठ, थोडे मुद्दे द्या ना." मग शेठने "छे, माझं काय लिहायचं" म्हणत अख्खी दुपार मुद्दे द्यायचे. आणि कार्यक्रमाच्या दिवशी तेच शब्द जन्मात पहिल्यांदा ऐकतोय अशा चेहऱ्याने मान खाली घालायची.

विष्णूशेठ परुळेकर शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, एका शीतगोदामाच्या डोक्यावर बसत. खाली कांदे, बटाटे, पालेभाजी, पाण्याच्या बाटल्या. वर काचेचं ऑफिस. जहाजांना लागेल तो माल पुरवायचा, हा धंदा. टेबलावर पूर्वी एक पितळी गलबत असे. जानेवारीत ते कपाटावर गेलं आणि त्याच्या जागी दोन छोटे झेंडे आले, एक इथला, एक अमेरिकेचा. फेब्रुवारी २००३ चालू होता. जेबेल अलीच्या बंदरात अमेरिकेची एवढी जहाजं येऊन लागत होती की भाजीवाल्यांना झोप नव्हती. युद्ध होणार का, हे टीव्हीवाले अजून एकमेकांना विचारत होते. कांद्याची ऑर्डर पाहणाऱ्यांना उत्तर ठाऊक होतं.

समोर वही घेऊन बसलेली जोसेफिन तुस्कानो वसईची. शेठची सेक्रेटरी. पत्रं तीच लिही, फोन तीच घेई आणि मंडळाच्या कार्यक्रमांत निवेदनालाही तिलाच उभं करत, कारण तिचा आवाज स्वच्छ होता आणि ती माइकला घाबरत नसे. मरजान हा शब्द तिने हात न थांबवता लिहिला. एवढ्या वर्षांत तेवढं जमलं होतं.

मरजानवर तिचा नवरा होता.

*

मरजान म्हणजे एक म्हातारी, छोटी तेलवाहू बोट. मालक हनीफभाई, मूळचे श्रीवर्धनचे. इराकवर निर्बंध होते, पण बसऱ्याचं डिझेल स्वस्त होतं, आणि जिथे निर्बंध असतो तिथे नफा असतोच. रिकामी बोट वर जायची, भरून खाली यायची, इराणच्या किनाऱ्याला पोट घासत. बाहेर अमेरिकन नौदल टपून बसलेलं. त्यावर लाँचवाल्यांनी एक तोड काढली होती. निघण्याआधी बोटीच्या साऱ्या दारांवर, खिडक्यांवर लोखंडी पत्रे वेल्ड करून टाकायचे. माणसं आत, कुलूपबंद. अमेरिकन शिपाई वर चढले तरी पत्रे कापायला त्यांना वेळ लागायचा. तेवढ्यात बोट इराणच्या पाण्यात सरकली की ते मुकाट्याने उतरून जायचे.

युक्ती चांगली होती. बोट बुडत नाही तोवर चांगली होती.

१९९९ च्या हिवाळ्यात अमेरिकन नेहमीच्या जागी नव्हते. मरजान जिथे वळते, नेमके तिथे उभे होते. नाखवाने बोट घाईने वळवली, शमाल, म्हणजे आखातातला उत्तरेचा सोसाट्याचा वारा, सुटलेला, टाक्या काठोकाठ. वरच्या मजल्यावरची माणसं कशीबशी निघाली. इंजिनरूममध्ये दोघं होते. हनीफभाईंचा धाकटा भाऊ मोहिद्दीन, आणि डेरिक तुस्कानो. दार पक्कं होतं. दार पक्कं असावं म्हणूनच तर पैसे मोजले होते.

"अमेरिकनांनी मारलं गं त्याला," विष्णूशेठ तेव्हा तिच्या घरी येऊन जमिनीवर बसले होते. "बुडती बोट बघत उभे राहिले हरामखोर."

मग त्यांनीच तिला नोकरी दिली. व्हिसा त्यांच्याच कंपनीचा. लोक म्हणाले, देवमाणूस.

आणि जोसेफिनने अमेरिकेशी वैर धरलं. एकटीने. घरात कोला बंद. बर्गर बंद. हेझलला, तिच्या मुलीला, वाढदिवसाला जीन्स हवी होती. जोसेफिनने आतलं लेबल उलटून पाहिलं आणि दुकानदाराच्या हातात परत ठेवली. शुक्रवारी चर्चमध्ये मिस्साला सगळे मिळून प्रार्थना म्हणत. त्यात अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ आली की ती ओठ मिटून घेई. बाकीची प्रार्थना ती मनापासून म्हणे. तेवढी एक ओळ देवाला तिच्याकडून येणं होती, आणि ती द्यायला ती तयार नव्हती.

*

खर्डा दुसरा. इंग्रजी. इथे मराठीत, कारण जोसेफिनच्या डोक्यात तो लिहिता लिहिताच मराठीत होत गेला.

१९९८ पासून श्री. परुळेकर यांनी निर्बंधांच्या अंमलबजावणीत नौदलाला शांतपणे, नावाची अपेक्षा न धरता साथ दिली. कोणती बोट कधी भरते, कुठून वळते, याची खबर ते वेळोवेळी देत राहिले. १९९९ च्या हिवाळ्यात त्यांच्याच खबरीवरून एक तेलवाहू बोट

*

"दोन मानपत्रं का, सर?" तिने सुरुवातीलाच विचारलं होतं.

"अगं, डग येणार आहे ना. डग म्हणजे कोण, माहितीये? तो म्हणेल त्याची भाजी जहाजावर चढते. त्याला दिसू दे, हा विष्णू परुळेकर एकटा नाही, याच्यामागे समाज आहे. आणि लाँचवालेही हवेत. माल कोण वाहणार? हनीफच ना. त्याच्याच हातून शाल घेणार मी." ते संत्रं सोलत होते. "मराठी आपल्या लोकांना, इंग्रजी डगला. डगला मराठी येत नाही, हनीफला इंग्रजी येत नाही. खलास!"

मग त्यांनी दुसरा खर्डा सांगितला. एक तेलवाहू बोट, इथपर्यंत आले आणि संत्र्याची फोड तोंडात टाकली.

जोसेफिनचं पेन थांबलं. "सर, ही बोट कुठली?"

"असेल कुठलीतरी. नाव नको घालू. डगला ठाऊक आहे. पुढे लिही."

तिने वर पाहिलं. तिला वाटलं, आता यांच्या चेहऱ्यावर काहीतरी येईल. जीभ चावतील. घाईने विषय बदलतील. शेठ बोटांवरचा रस रुमालाला पुसत होते. त्यांना आठवतच नव्हतं, समोर कोण बसलंय ते. समोर एक वही होती, एक पेन होतं, लिहिणारा एक हात होता.

जाणूनबुजून मारलेली थप्पड माणूस एक वेळ गिळतो. इथे मारणाऱ्याला गालच दिसला नव्हता.

"लिहिलं, सर," ती म्हणाली. "पुढे?"

*

इंग्रजी खर्डा डगला दाखवून आण, असं शेठनीच सांगितलं. म्हणजे त्याला आवडेल तेवढं ठेवता येईल.

डग जेबेल अलीच्या एका केबिनमध्ये बसे. अमेरिकन नौदलातून निवृत्त, आता एका ठेकेदाराकडे. अंगाने आडवा, बोलायला मोकळा, कागदी कपातून सारखी कॉफी पिणारा. त्याने खर्डा वाचला आणि हसला.

"विष्णू भलताच लाजाळू आहे," तो त्याच्या इंग्रजीत म्हणाला. "त्या टँकरचं एवढंसंच लिहिलंय? वळायची जागा त्यानेच सांगितली होती. दारं वेल्ड केल्याचंही सांगितलं होतं."

"मरजान," जोसेफिन म्हणाली.

"तीच. तुम्हाला बरंच माहीत आहे, मॅडम."

"दारं बंद आहेत हे माहीत होतं, तर मग जातानाच का नाही अडवली? बोट रिकामी असताना?"

डगने खांदे उडवले. त्यात वाईटपणा नव्हता, हेच वाईट होतं. "रिकामी बोट पकडून वॉशिंग्टनला काय दाखवायचं? आकडे बॅरलमध्ये मोजतात. भरेपर्यंत थांबा, असा वरून हुकूम होता." मग त्याने कप टेबलावर ठेवला. "आमच्या पोरांनी कापायचा प्रयत्न केला, बरं का. बोट फार लवकर गेली. वाईट झालं. विष्णूला सांगा, मानपत्र उत्तम आहे."

परतताना शारजाच्या रस्त्यावर नेहमीसारखीच गाड्यांची रांग लागली होती. शेअर टॅक्सीत शेजारचा माणूस मोबाइलवर कुणाशी तरी भांडत होता. एवढी वर्षं ती दगड चुकीच्या घरावर मारत होती, असं नव्हे. त्या घरालाही दगड हवेच होते. पण ज्या हाताने तिला भाकरी दिली त्याच हाताने बोट दाखवलं होतं, आणि त्या हाताला ती रोज चहा देत होती. साखर अर्धा चमचा.

*

घरी हेझल दहावीच्या पुस्तकांत बसली होती.

"हेझू, समज आपल्याला इथून जावं लागलं तर?"

"व्हेन?"

"लवकरच. मी एक काम करणार आहे. त्यानंतर सर व्हिसा रद्द करतील."

"ममा! माय बोर्ड्स!"

"यूनुसला विचारलंय मी. रद्द झाला तरी सामान आवरायला महिना मिळतो. तेवढ्यात तुझे पेपर होतात." यूनुस म्हणजे ऑफिसची व्हिसाची कामं करणारा. "पुढचं वसईला. तिथे मराठीत बोलावं लागेल."

हेझलने पेन्सिल खाली ठेवली. बापासारखीच तिला कपाळाला मधोमध एक आठी पडायची. "इज इट अबाउट डॅडा?"

"हो."

"देन डू इट." मग पुस्तकातून मान वर न करता, "कॅन आय हॅव अ पेप्सी आफ्टरवर्ड्स?"

"नाही," जोसेफिन म्हणाली. "त्यांचा हिशेब वेगळा आहे."

*

खर्डा तिसरा. जोसेफिनचा.

शेठचा शब्द एकही बदलला नाही. शेठचे मुद्दे, शेठचीच वाक्यं. मराठीतलं इंग्रजीत केलं, इंग्रजीतलं मराठीत. एकच जागा मोकळी होती, बोटीच्या नावाची. ती भरली. आणि डगने तोंडी सांगितलेली दोन वाक्यं तिथेच जोडली.

*

हॉल एका शाळेचा. शुक्रवार. दाराशी गुलाबपाणी, आत प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे वडा-सांबारचा वास. पुढच्या रांगेत मंडळाचे जुने सभासद. डाव्या बाजूला लाँचवाले, सगळे कोकणातले, पांढरे सदरे घालून, अत्तर लावून. पहिल्या खुर्चीत डग, कपाळावर कुंकवाचा टिळा, हातात आंब्याचा ज्यूस. स्टेजवर मखमली खुर्चीत विष्णूशेठ. त्यांच्यामागे शाल घेऊन हनीफभाई. त्यांच्याशेजारी मंडळाच्या अध्यक्षा कुंदाताई, ज्या बोलू लागल्या की माइक आपोआप शिट्टी मारतो अशी ख्याती होती.

कुंदाताई: हॅलो, हॅलो. मागे येतंय ना? अहो मुलांना गप्प करा. तर शाल आणलीये बर दुबईच्या बाजारातून, साठ दिरहम, म्हणजे जवळजवळ आठशे रुपये, हे मी सांगणार नव्हते, पण शेठच्या खांद्याला शोभेल अशीच हवी ना! (टाळ्या.) हनीफभाई, शाल उघडून धरा. मानपत्र संपलं की लगेच घालायची. फोटोवाले, तयार? जोसेफिन, ये गो बाय.

जोसेफिन माइकपाशी आली. फिकट निळी साडी, हातात दोन कागद.

जोसेफिन: माननीय श्री. विष्णू परुळेकर यांस सप्रेम सादर.

विष्णूशेठनी मान खाली घातली.

जोसेफिन: आपण निःस्वार्थ बुद्धीने, नावाची अपेक्षा न धरता सेवा केलीत.

कुंदाताई: वा!

जोसेफिन: १९९८ पासून, इराकवरच्या निर्बंधांच्या काळात, आपण अमेरिकन नौदलाला मोलाची साथ दिलीत.

टाळ्या. कुंदाताई स्वल्पविराम आला की टाळ्या वाजवत, आणि त्यांनी वाजवल्या की सभागृह वाजवे. डाव्या बाजूच्या टाळ्या मात्र मध्येच कुठेतरी सांडल्या.

जोसेफिन: आपल्या लाँचवाल्यांपैकी कोणाची बोट कधी भरते, कुठून वळते, याची खबर आपण त्यांना वेळोवेळी देत राहिलात.

विष्णूशेठची मान अजून खालीच होती. स्तुती ऐकताना माणूस अर्थ ऐकत नाही, सूर ऐकतो, आणि सूर बरोबर होता. मग त्यांनी मान वर केली.

विष्णूशेठ (हसून, दात आवळून): जोसेफिनबाई. पान चुकलं.

जोसेफिन: नाही, सर. १९९९ च्या हिवाळ्यात आपल्याच खबरीवरून एक तेलवाहू बोट पकडली गेली. ती कुठे वळणार, हे आपण सांगितलंत. तिची दारं वेल्ड केली आहेत, हेही सांगितलंत. बोटीचं नाव मरजान.

हॉलमध्ये कुणाचंतरी मूल "आई, वडा" म्हणाल्याचं स्पष्ट ऐकू आलं.

कुंदाताईंचे हात टाळीसाठी वर गेले होते, ते तसेच राहिले. लाँचवाल्यांतला म्हातारा गनी खुर्चीचा हात धरून उठू लागला आणि पुन्हा बसला.

विष्णूशेठ: ही बाई... हिची तब्येत बरी नाही. कुंदाताई, माइक घ्या. हनीफ, अरे ऐक, हे कोणीतरी...

जोसेफिन: हे शब्द आपलेच आहेत, सर. दोन वाक्यं डगसाहेबांची. मी फक्त उतरवून घेतले. आता इंग्रजी.

आणि तिने डगकडे तोंड करून दुसरा कागद वाचला: निर्बंधांच्या काळात श्री. परुळेकर लाँचवाल्या बांधवांच्या पाठीशी सख्ख्या भावासारखे उभे राहिले, आणि मरजान बुडाली तेव्हा अन्नाला शिवले नाहीत. डगने भुवया उंचावल्या. मग त्याला गंमत कळली आणि तो मोठ्याने हसला, मांडीवर थाप मारून. बाकी सगळा हॉल गप्प असताना एक माणूस हसतोय. त्या हसण्याने उरलंसुरलं पटवून दिलं. परका माणूस खोट्यावर चिडला असता. हा जुन्या गोष्टीला हसत होता.

हनीफभाईंचा इंग्रजीशी संबंध नव्हता, पण हसण्याचं भाषांतर लागत नाही.

ते शाल उघडून उभेच होते, दोन्ही हात पसरून, खुर्चीच्या मागे. विष्णूशेठना ती शाल मानेपाशी जाणवत असणार, कारण ते पुढे सरकून खुर्चीच्या टोकाला आले होते.

"शेठ," हनीफभाई म्हणाले. आवाज चढवला नाही. "गावी मोहिद्दीनला माती देताना तुम्ही माझ्या बाजूला उभे होता. खांदा दिला होता तुम्ही."

"हनीफ, अरे धंद्यात कधी कधी—"

"खांदा दिला होता."

त्यांनी शाल मिटली. आधी अर्धी, मग पुन्हा अर्धी, घाई न करता, काठाला काठ जुळवून. ती कुंदाताईंच्या हातात दिली. "बाई, साठ दिरहमची वस्तू आहे. दुसऱ्या कुणाला कामी येईल." आणि ते पायऱ्या उतरले. डावी बाजू त्यांच्या मागे उठली. प्लास्टिकच्या खुर्च्या एकामागोमाग सरकल्या. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उचलला नाही. दाराशी मात्र गनीने मागे वळून जमिनीवर थुंकलं, आणि मग शाळेचा हॉल आहे हे आठवून चपलेने पुसलं.

जोसेफिनने दोन्ही कागद घडी घालून टीपॉयवरच्या नारळाखाली ठेवले. त्या क्षणी तिला जे वाटलं त्याला समाधान म्हणावं, तर तो शब्द फार सात्त्विक आहे. तिला गोड लागलं. जिभेवर, खरोखर.

*

सोमवारी जहाजावर जाणारी कोशिंबिरीची पानं बंदरात उन्हात उभ्या ट्रकमध्ये मऊ पडली. ट्रकचा ड्रायव्हर गनीचा जावई होता, तो आजारी पडला होता. बदली ड्रायव्हर मोहिद्दीनच्या गावचा, तोही आजारी. माल पोहोचवणाऱ्या लाँचचं इंजिन बिघडलं. दुसऱ्या लाँचचंही. शारजाच्या खाडीत त्या आठवड्यात जेवढी इंजिनं बिघडली तेवढी कधी बिघडली नव्हती, आणि जो तो विष्णूशेठना फोनवर अगदी अदबीने सांगे, "इन्शाल्ला, उद्या."

डगने दुसरा पुरवठादार शोधला. त्याला फार वेळ लागला नाही. लढाई पालेभाजीसाठी थांबत नाही. त्याच्या मनात विष्णूबद्दल राग नव्हता, ओढही नव्हती. विष्णू त्याच्यापुरता संपला होता, रिकाम्या कपासारखा.

जोसेफिनचा व्हिसा अपेक्षेप्रमाणे रद्द झाला. यूनुसने कागद आणून दिला आणि जाताना म्हणाला, "भाभी, हनीफभाईने पूछा है, उनकी कंपनी का वीजा चाहिए क्या?" तिने मानेने नाही म्हटलं. ज्या धंद्याने दारं वेल्ड केली त्या धंद्याची भाकरी तिला दोन्ही बाजूंनी नको होती. हनीफभाईंना तिने हे तोंडावर सांगितलं नाही. त्यांना ते न सांगता कळलं असावं, कारण ते पुन्हा विचारायला आले नाहीत.

*

विष्णूशेठ स्वतः आले ते हेझलच्या शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी, दुपारी. जोसेफिनने साखळी न काढता दार किलकिलं केलं. फटीत अर्धा चेहरा. दाढी वाढलेली.

"जोसेफिन, मी तुला व्हिसा परत देतो. मुलीच्या कॉलेजचं बघतो. तू फक्त हनीफला सांग, तू रागात होतीस. भाषांतरात चूक झाली म्हण. लोक तुझं ऐकतील गं. माझ्या गोदामात एक हमाल यायला तयार नाही. मशिदीबाहेर, मंडळात, सगळीकडे... काल माझ्या बायकोला किराणावाल्याने उभं केलं नाही."

"सांगते," जोसेफिन म्हणाली.

त्यांना विश्वास बसला नाही. "खरंच?"

"हनीफभाईंना फोन करते, आत्ता, तुमच्यासमोर. चूक झाली म्हणते. तुम्ही एकच करा, सर. माझ्या नवऱ्याचं नाव सांगा."

"म्हणजे?"

"मरजानवर दोघं गेले. एक मोहिद्दीन. दुसऱ्याचं नाव."

फटीतला चेहरा क्षणभर उजळला, सोपा प्रश्न आला तसा. मग हळूहळू त्यावरून काहीतरी उतरत गेलं. शेठ त्याला सेकंड म्हणत. सेकंड इंजिनिअर, म्हणून सेकंड. 'काय सेकंड, कसं काय.' 'सेकंडला पाठव.' ती नोकरीला लागल्यापासून 'तुझा मिस्टर'.

"तुस्कानो," विष्णूशेठ म्हणाले.

"ते माझंही आहे."

"अगं, असं ऐनवेळी... जोसेफ? जॉन... तुमच्यात सारखीच नावं असतात गं. डी वरून आहे. डॉमनिक!"

जिन्यात कुणाच्या तरी घरातला टीव्ही लागलेला होता. बगदादवर रात्रीतून काय काय पडलं, ते निवेदिका सांगत होती. ती सहलीचा कार्यक्रम सांगत असावी, इतक्या प्रसन्न आवाजात. जोसेफिनला आठवलं, शुक्रवारी मिस्साला ती ओळ आली तेव्हा तिने नेहमीसारखेच ओठ मिटले होते. आता त्या मिटलेल्या ओठांमागे एका देशाऐवजी तीन जण होते: खबर घेणारा, खबर देणारा, आणि भरेपर्यंत थांबा असं वरून सांगणारा तो कोण, ज्याचं नाव तिला कधीच कळणार नव्हतं. त्या तिसऱ्यासाठी तिच्याकडे काही नव्हतं. दुसरा दाराच्या फटीत उभा होता.

"डॅनियल?" तो म्हणाला.

तिने दार लावलं. साखळी सरकवली, वरची कडीही घातली. साधं लाकडी दार होतं, आतून हवं तेव्हा उघडणारं. बाहेरून जरा वेळ ठोठावल्याचा आवाज येत राहिला, मग तळव्याने थापटल्याचा, मग तोही नाही.

आतल्या खोलीतून हेझलने विचारलं, "ममा, हू वॉज इट?"

"कोणी नाही," जोसेफिन म्हणाली. "नाव आठवत नाही."